नारळाचंच आहे म्हणे, मग हात का सोलतायत? (सीडीईए हाताळणाऱ्यांसाठी धागा)

साबणवाला_मिरज

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आज गरजेपोटी पहिला धागा काढतोय. शुद्धलेखन सांभाळून घ्या.

मिरजेजवळ माझं छोटं शेड आहे. भांड्यांचं लिक्विड, फरशी क्लीनर आणि आता नवीन हॅण्डवॉश. मी, बायको आणि गावातल्या दोघीजणी, एवढाच स्टाफ. फॉर्म्युला सगळ्यांचा असतो तोच. ॲसिड स्लरी (डिटर्जंटचा आम्लाच्या रूपातला कच्चा माल) कॉस्टिक सोड्याने न्यूट्रल करायची, मग एसएलईएस (फेसाचा मुख्य माल), वरून सीडीईए (फेस टिकवणारा, घट्टपणा देणारा माल), शेवटी मीठ, रंग आणि लिंबाचा वास.

गेल्या दीड महिन्यात एकीच्या, म्हणजे आमच्या आक्कांच्या, बोटांच्या बेचक्यांतली कातडी सोलायला लागली आहे. मनगटावर बरोबर बांगड्यांच्या जागी लाल पट्टा. बायकोच्या डोळ्यात ड्रममधून मगने काढताना थेंब उडाला, दोन दिवस डोळा लाल होता. आधी असं कधी झालं नव्हतं. बदललंय ते एकच, सीडीईएचा ड्रम नवीन माणसाकडून घेतला. रंग आधीपेक्षा गडद, चहासारखा, आणि झाकण उघडलं की नाकाला अमोनियासारखं झोंबतं. ड्रमवर लेबल नाही, मार्करने ‘सीडीई ५०’ एवढंच खरडलंय.

त्या माणसाला फोन केला तर म्हणाला, "अहो साहेब, ते नारळाचं आहे. खोबरेल डोक्याला लावता ना? मग?" मला काय उत्तर द्यावं सुचलं नाही. जाणकारांनी सांगा, हे नक्की काय आहे आणि कसं हाताळायचं?

शिकेकाई_आणि_रिठा

म्हणून सांगते, ही केमिकलं सोडा आणि रिठ्याकडे वळा. आमच्या आजीने आयुष्यभर रिठ्याच्या पाण्यात रेशमी लुगडी धुतली. नैसर्गिक ते नैसर्गिक.

ताकातली_मिरची

@शिकेकाई_आणि_रिठा, ताई, आजीने रिठ्याचं पाणी कधी डोळ्यात जाऊ दिलं होतं का? माझ्या लहानपणी गेलंय. दिवाळीतल्या अभ्यंगस्नानाला मी जे बोंबललो होतो ते अख्ख्या वाड्याने ऐकलं. रिठ्यातलं सॅपोनिन हेही फेस करणारं द्रव्यच. झाडावर लागलं म्हणून डोळ्याला गोड लागत नाही.

शिकेकाई_आणि_रिठा

ते खरंय :) पण निदान ड्रमवर मार्करने तरी लिहावं लागत नाही.

निवृत्त_अमाइड

धागाकर्ते, आयडीवरूनच कळलं असेल, माझी नोकरीची बहुतेक वर्षं रायगड आणि रत्नागिरीच्या एमआयडीसीत याच मालाच्या रिॲक्टरसमोर गेली. सविस्तर लिहितो, चहा घेऊन बसा.

सीडीईए म्हणजे कोको डायइथेनॉलअमाइड. तुमच्या माणसाचं वाक्य अर्धं खरं आहे, आणि अडचण उरलेल्या अर्ध्यात आहे. या रेणूला दोन आईबाप आहेत. एक नारळाच्या तेलातली फॅटी ॲसिडं, त्यातलं निम्म्याच्या आसपास लॉरिक ॲसिड. त्याची १२ कार्बनची साखळी फेसाला अगदी मापात बसते. ८ किंवा १० कार्बनच्या साखळ्या कातडीला जास्त झोंबतात, १६-१८ च्या थंड पाण्यात नीट विरघळत नाहीत. दुसरा पालक डायइथेनॉलअमाइन, आमच्या भाषेत ‘डीईए’. तो पेट्रोकेमिकल, इथिलीन ऑक्साइड आणि अमोनियापासून बनतो. तुम्हाला येतोय तो वास बहुधा त्याचाच. दोघांचं लग्न नीट लागलं तर वास जवळपास जातो. डीईए मोकळा राहिला की तो नाकाला आणि हाताला कळतो.

हा माल दोन तऱ्हांनी बनतो. जुनी पद्धत १९३७ च्या क्रिचेव्हस्की नावाच्या केमिस्टच्या पेटंटमधली. तिच्यात फॅटी ॲसिडच्या एका भागाला दोन भाग डीईए घालतात. त्यातला बराचसा शेवटपर्यंत मोकळाच राहतो. दुसरी एकास-एक, मिथाइल एस्टरपासून (तेलातल्या फॅटी ॲसिडांचं एक रूप) केलेली, बाजारात तिला ‘सुपर अमाइड’ म्हणतात. तिच्यात मोकळं अमाइन पाच टक्क्यांच्या आत ठेवता येतं. थेट खोबरेलापासून केलं तर ग्लिसरीनही आतच राहतं.

घरगुती परीक्षा सांगतो. ग्लासभर साध्या पाण्यात चमचाभर माल घालून ढवळा. एकास-दोन प्रकार बऱ्यापैकी निवळ विरघळतो. एकास-एक पाण्यात गढूळ होतो, गोळे धरतो, आणि एसएलईएसच्या सोबत मात्र छान मिसळतो. म्हणजे जो ‘पटकन विरघळतो, भारी माल आहे’ वाटतो, तोच जास्त अमाइनवाला असण्याची शक्यता. ही लॅबची टेस्ट नव्हे, पण ड्रम परत पाठवायचा की नाही याचा अंदाज येतो.

आता जरा उलट बाजू. सगळा दोष त्या ड्रमवर टाकण्याआधी सांगा, स्लरी न्यूट्रल झाल्यावर पीएच कशाने बघता? कॉस्टिकचं पाणी कोण करतं, आणि हातमोजे कुठले?

साबणवाला_मिरज

काका, ग्लासची परीक्षा आत्ताच केली. निवळ विरघळलं. :(

पीएच पट्टीने बघतो, पण खरं सांगायचं तर रोज नाही. कॉस्टिक मीच करतो, पाण्यात कॉस्टिक टाकतो, उलटं नाही. हातमोजे घेतलेत, पण आक्का घालायला तयार नसतात. काचेच्या बांगड्यांवरून मोजा वर चढत नाही, मनगटाशी दुमडतो. मग म्हणतात, "त्यापेक्षा हातच बरा."

डॉ_कातडी

व्यवसायाने त्वचारोगाची डॉक्टर आहे. न बघता निदान करत नाही, पण वर्णन वाचून काही सांगते.

दुमडलेला मोजा हा मोजा नसल्यापेक्षा वाईट. दुमडीत द्रव साचतो आणि आठ तास कातडीला चिकटून राहतो. बांगड्यांखाली लाल पट्टा तसाच होतो. अंगठीखालीही हेच घडतं, भांडी घासणाऱ्या निम्म्या बायकांचं दुखणं अंगठीखालून सुरू होतं. बेचक्यांत सोलणं हे बहुतेकदा ‘इरिटंट’ प्रकारचं असतं. म्हणजे साबण, क्षार आणि ओल यांनी कातडीवरचं तेल ओढून घेतलं. काम थांबवलं, जाडसर मलम लावलं की हे उतरतं.

दुसरा प्रकार ॲलर्जीचा. एकदा शरीराने ओळख धरली की पुढे थेंबभरही पुरतो. सीडीईएची ॲलर्जी होते, आणि ती मुख्यतः कामगारांत दिसते: हात धुण्याची पेस्ट, मशीनचं कूलंट (कापताना धातू थंड ठेवणारं तेल-पाणी) वगैरे हाताळणाऱ्यांत. कुठली ते पॅच टेस्टने कळतं. पाठीवर पट्ट्या लावून दोन दिवसांनी काढतात आणि नंतर पुन्हा वाचतात. आक्कांना दोन-तीन आठवडे मिक्सिंगपासून दूर ठेवा, पॅकिंगला बसवा. बरं होऊन कामावर येताच पुन्हा उठलं तर टेस्ट करून घ्या. आणि तोवर स्टेरॉइडची ट्यूब मेडिकलमधून परस्पर आणून चोळू नका, हात जोडून विनंती.

डोळ्याचं मात्र मनावर घ्या. मूळ सीडीईए असो की सीएपीबी (त्याच्याऐवजी वापरतात तो दुसरा फेसाचा माल), डोळ्यासाठी घट्ट माल धोक्याचा. थेंब उडाला तर लगेच, चालत्या नळाखाली, पापण्या बोटांनी उघड्या धरून किमान १५ मिनिटं धुवायचं. घड्याळ लावून. लोक दोन मिनिटांत ‘बरं वाटतंय’ म्हणून थांबतात. गुलाबपाणी, दूध, मध यांपैकी काहीही नको. नंतर डोळ्याच्या डॉक्टरकडे.

भोसरीचा_लेथवाला

धागा साबणाचा आहे, पण डॉक्टरताईंनी कूलंटचं नाव काढलं म्हणून लिहितो. आमच्या शॉपमध्ये सीएनसी मशीनच्या सोल्युबल ऑइलमध्ये (पाण्यात मिसळायचं कूलंटचं तेल) हेच सीडीईए असतं. तेल पाण्यात धरून ठेवायला आणि लोखंडाला गंज येऊ नये म्हणून. पोरं दिवसभर त्या दुधाळ पाण्यात हात घालतात, संध्याकाळी चिंधीने पुसून वडापाव खातात. आमच्याकडे एकाचे दोन्ही तळहात भेगाळले होते. नंतर कळलं की ऑपरेटर टाकीत पाणी घालताना मापत नव्हता. अंदाजाने ‘थोडं जास्त ऑइल’ ओतायचा. रिफ्रॅक्टोमीटर (पाण्यात तेल किती ते मोजणारं यंत्र) लावला, पाच-सहा टक्क्यांवर आणलं, तर फरक पडला.

अजून एक. पूर्वी गंज थांबवायला कूलंटमध्ये सोडियम नायट्राइट टाकायचे. आमचे जुने फोरमन अजून म्हणतात, "तो माल खरा होता." काका, हे बरोबर आहे का?

निवृत्त_अमाइड

@भोसरीचा_लेथवाला, फोरमनना सांगा की तो माल गंजाला खरा होता, माणसाला नव्हे. डीईए हे दुय्यम अमाइन. त्याला नायट्राइट भेटलं की नायट्रोसोडायइथेनॉलअमाइन हे घातक रसायन बनतं. १९७७ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांना बाजारातल्या कटिंग फ्लुइडमध्ये ते सापडलं, काही नमुन्यांत जवळजवळ ३ टक्के! अशा गोष्टी एरवी अब्जांशांत मोजतात. १९८४ मध्ये तिथे अशा फ्लुइडांत नायट्राइट मिसळण्यावर बंदी आली.

साबणवाले, यात तुमच्यासाठीही एक धडा आहे. हॅण्डवॉशला प्रिझर्व्हेटिव्ह कुठलं घालता? ब्रोनोपॉल असेल तर सीडीईएसोबत नको, ते विघटन पावताना नायट्राइट सोडतं. आणि फॉर्मॅलिन घालत असाल (छोट्या शेडमध्ये सर्रास घालतात, मला माहीत आहे) तर ते आजच बंद करा. त्यावर वेगळा धागा होईल.

सान_होजेचा_सदाशिव

इथे कॅलिफोर्नियात सीडीईए २०१२ च्या जूनपासून ‘प्रॉप ६५’च्या यादीत आहे. म्हणजे कॅन्सरचा इशारा छापा नाहीतर फॉर्म्युला बदला. बहुतेकांनी बदलला. मी भारतातून आणलेल्या शॅम्पूच्या बाटलीवर मात्र ते नाव अजून दिसतं. आईला ती बाटली टाकून दे म्हणालो तर म्हणाली, "तू आधी ते डोनट टाक."

साबणवाला_मिरज

कॅन्सर?? आता घाबरलो.

निवृत्त_अमाइड

घाबरू नका, पण हसण्यावारीही नेऊ नका. अमेरिकेच्या नॅशनल टॉक्सिकॉलॉजी प्रोग्रॅमने २००१ मध्ये अहवाल दिला. उंदरांच्या कातडीवर दोन वर्षं सीडीईए लावलं, त्यांच्या यकृतात गाठी झाल्या. त्या नमुन्यात मोकळा डीईए १८ टक्क्यांवर होता. म्हणजे बहुधा तुमच्या ड्रमसारखाच माल. गाठींचं खापर मुख्यतः त्या मोकळ्या डीईएवर फोडलं गेलं. तो शरीरातल्या कोलीन या पोषक द्रव्याच्या आड येतो, आणि कोलीनच्या कमतरतेला उंदीर माणसापेक्षा फार नाजूक. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने सीडीईए ‘२बी’ गटात घातलं. २बी म्हणजे ‘शक्यता आहे’, प्राण्यांत पुरावा आहे, माणसांत पुरेसा नाही. त्याच गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही आहे. (@शिकेकाई_आणि_रिठा, टोमणा नाही हो!)

युरोपात सौंदर्यप्रसाधनांसाठी अशा कच्च्या मालात मोकळं दुय्यम अमाइन ५ टक्क्यांपर्यंत आणि तयार मालात ०.५ टक्क्यांपर्यंतच चालतं. साठवणही नायट्राइट नसलेल्या डब्यात करायची. पुरवठादाराला हा आकडा विचारा. ‘सीओए (मालाच्या तपासणीचा दाखला) द्या, फ्री अमाइन किती?’ एवढंच म्हणा. ज्याच्याकडे आकडा नाही त्याच्याकडून ड्रम घेऊ नका, किलोमागे दहा रुपये कमी असले तरी. सोबत सेफ्टी डेटा शीट मागा. १६ भागांची असते. ती सगळी वाचत कोणी बसत नाही. दुसरा भाग धोका, चौथा प्रथमोपचार, आठवा हातमोजे-चष्मा. एवढे तीन मराठीत लिहून भिंतीवर लावा.

माडाखालचा_माणूस

किंचित अवांतर. मी रत्नागिरीकडचा, चार माड आहेत. कोणी ‘नारळापासून’ म्हटलं की मला वाटतं आमच्या नारळाला भाव येईल. कसलं काय! आमचा नारळ शहाळं म्हणून किंवा देवळात, नाहीतर सोलकढीत संपतो. या धंद्यात जातं ते बहुतेक पामच्या बियांचं तेल, मलेशिया-इंडोनेशियाचं. बरोबर ना काका?

निवृत्त_अमाइड

सोळा आणे बरोबर. पाम कर्नल तेलाची फॅटी ॲसिडं नारळाच्या इतकी जवळ आहेत की भाव बघून दोन्ही एकमेकांच्या जागी येतात. खोबरेल महागलं की ‘कोको’ नावाच्या ड्रममध्ये पामच असतं. रसायन म्हणून फारसं बिघडत नाही. ‘नारळाचं आहे’ या वाक्याचं मात्र बिघडतं.

घरगुती_गट_सातारा

आमचा बचत गट आहे. कोणीतरी सांगितलं म्हणून आम्ही सीडीईए सोडून सीएपीबी घेतलं. तेही नारळाचंच. ते सौम्य ना? बेबी शॅम्पूत असतं म्हणे.

डॉ_कातडी

ताई, सौम्य आहे, निष्पाप नाही. अमेरिकेतल्या कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटीने २००४ मध्ये त्याला ‘ॲलर्जन ऑफ द इयर’ ठरवलं होतं. गंमत अशी की दोष बहुतेकदा सीएपीबीचा नसतो. ते बनवताना मागे उरलेल्या डीएमएपीए आणि अमिडोअमाइन या अशुद्धींचा असतो. चांगल्या कंपनीचा माल घेतला की हा त्रास बराच कमी.

निवृत्त_अमाइड

पुन्हा तीच गोष्ट, दुसरा पालक. खोबऱ्याला डीएमएपीए जोडतात, मग सोडियम मोनोक्लोरोॲसिटेट. बनताना मीठ तयार होतं, म्हणून सीएपीबीच्या कॅनमध्ये ५ टक्क्यांच्या आसपास मीठ आधीच असतं आणि खरा माल ३० टक्केच. सीडीईए दोन किलो जात असेल तर ‘दोन किलो सीएपीबी’ असा हिशोब करू नका. साधारण सहा लागेल, आणि वरचं मीठ त्या मानाने कमी करा. हॅण्डवॉशला मी सीएपीबीच म्हणेन. भांड्यांच्या लिक्विडला सुपर अमाइड चालेल. सीएमईएचे (सीडीईएचा भाऊबंद, डीईएऐवजी मोनोइथेनॉलअमाइनपासून केलेला) फ्लेक्सही मिळतात. त्यातलं अमाइन प्राथमिक असल्याने नायट्रोसोची भानगड उरत नाही, पण ते गरम करून वितळवावे लागतात.

शिवाय हॅण्डवॉश आणि शॅम्पू कॉस्मेटिकमध्ये मोडतात. २०२० च्या कॉस्मेटिक्स नियमांप्रमाणे राज्याच्या एफडीएचा (अन्न व औषध प्रशासन) परवाना लागतो. भांड्यांचं लिक्विड त्यात येत नाही. साबणवाले, ‘आता नवीन हॅण्डवॉश’ लिहिलंत म्हणून कान टवकारले.

ताकातली_मिरची

वाखु (वाचनखूण) साठवली. डिसेंबरात माझ्या मेव्हण्याच्या शेडमध्ये ड्रम थिजला म्हणून खाली शेगडी लावली होती. प्लॅस्टिकचा ड्रम. पुढचं सांगत नाही.

निवृत्त_अमाइड

देवा! शेगडी नाही, कधीच नाही. थंडीत घट्ट होतं, ते स्वाभाविक आहे. ड्रम दुपारभर उन्हात ठेवा किंवा गरम पाण्याच्या टाकीत उभा करा, ४०-४५ अंश पुरे. वापरण्याआधी लोळवून एकजीव करा, नाहीतर वरचा माल वेगळा, खालचा वेगळा. आणि मगने काढणं बंद. ड्रमला हातपंप बसवा, काही शे रुपयांत येतो. बायकोच्या डोळ्यात गेलेला थेंब मगचा होता.

सांडलं तर पाण्याचा पाइप मारायचा नाही. शेड फेसाने भरतं, फरशी बर्फासारखी घसरडी होते आणि सगळा फेस गटारात. लाकडाचा भुसा किंवा वाळू टाका, फावड्याने गोळा करा, मग उरलेलं पुसा. हे पदार्थ पाण्यातल्या जिवांना बाधतात. ओढ्यात सोडू नका.

साबणवाला_मिरज

आठवड्याने लिहितोय, माफ करा.

तो ड्रम परत केला. माणूस चिडला, वाहतूक कापून घेतली, पण घेतला. दुसऱ्याने सीओए दिला, फ्री अमाइन ४.१. काकांची ग्लास परीक्षा केली, गढूळ झालं. गढूळ पाणी बघून इतका आनंद आयुष्यात पहिल्यांदा झाला. पीएच आता रोज वहीत लिहितो, आणि पहिल्याच दिवशी कळलं की माझी बॅच साडेदहाला होती. म्हणजे आक्कांच्या हातांत माझाही वाटा आहे. आता सात-साडेसातवर आणतो.

बांगड्यांचा प्रश्न आक्कांनीच सोडवला. लांब बाह्यांचे नायट्राइलचे मोजे आणले, कोपरापर्यंतचे. त्या म्हणाल्या, "बांगड्या वर सरकवून फडकं बांधते, मग घालते." तसंच करतात. हात निम्मे बरे झालेत, सध्या बाटल्यांना झाकणं लावतात. डॉक्टरताई, ट्यूब आणली नाही. हॅण्डवॉश थांबवलंय, परवान्याची चौकशी चालू आहे.

एक नवीन प्रश्न. नवीन सीडीईए घातल्यावर लिक्विड पातळ वाटलं म्हणून मीठ वाढवलं. आधी घट्ट झालं, मग अजून घातलं तर एकदम पाण्यासारखं. १०० लिटर वाया?

निवृत्त_अमाइड

वाया नाही. मिठाचा डोंगर असतो, एका बाजूने चढलात, शिखर ओलांडून पलीकडे उतरलात. मोकळं अमाइन बदललं की शिखराची जागाही सरकते, म्हणून जुनं माप चुकलं. आता अजून मीठ नको. काचेच्या भांड्यात त्यातलं १ लिटर घ्या आणि ५०-५० मिली साधं पाणी घालत जा. होय, पाणीच. मीठ पातळ होईल आणि माल परत घट्ट व्हायला लागेल. फार पाणी लागलं तर त्या मानाने थोडं एसएलईएसही द्या. जिथे सगळ्यात घट्ट वाटेल तिथे थांबून प्रमाण लिहा, मग टाकीला हात लावा.

साबणवाला_मिरज

पाणी घालून घट्ट! बायकोला सांगितलं तर म्हणते, तुमच्या त्या काकांना एकदा जेवायला बोलवा. दीडशे मिलीवर धरलं.